सव्वादोन वर्षांच्या मुलीला ताडोबाला न्यावे का?

आपण दोघेही दारव्हा तालुक्यात शिक्षक आहात, मुलगी सव्वादोन वर्षांची आहे, सोबत तिची आजी येणार आहे आणि मोठी सुट्टी दिवाळीत किंवा मे महिन्यातच मिळते. अशा परिस्थितीत मुलीला ताडोबाला न्यावे का, न्यायचे तर केव्हा, पहाटेच्या सफारीला बसवावे की दुपारच्या, आणि उघड्या जिप्सीत तिच्या जिवाला काही धोका आहे का, असे आपण विचारले आहे.

न्यावे, असेच मी सांगेन. दिवाळीच्या सुट्टीत, भाऊबीज झाल्यावर, मुलीसाठी दुपारची एकच सफारी घ्यावी आणि जिप्सी पूर्ण स्वतःसाठी ठरवावी. मे महिन्याचा विचार मात्र मनातून काढून टाकावा. धोक्याविषयी पुढे सविस्तर लिहिते, पण एक गोष्ट आधीच सांगते, कारण ती बहुतेक आईवडिलांच्या लक्षात येत नाही. जिप्सीत बसलेले मूल सतत कोणाच्या ना कोणाच्या मांडीवर असते आणि सगळ्यांच्या नजरेत असते. खरी काळजी घ्यायची असते ती जिप्सीतून उतरल्यावर, मुक्कामाच्या अंगणात, दिवेलागणीच्या वेळी.

मी ताडोबाच्या बफरलगतच्या, म्हणजे जंगलाच्या बाहेरच्या पट्ट्यालगतच्या, एका गावात राहते, अकरा वर्षांपासून गाइडचे काम करते, आणि माझी दोन्ही मुले याच गावात रांगायला व चालायला शिकली. पाहुण्यांची मुले या रानात कशी वावरतात आणि आमची मुले कशी वावरतात, हे दोन्ही मी जवळून पाहिले आहे. पुढचे सारे त्या अनुभवातून लिहीत आहे.

पहिला प्रश्न जंगलाच्या निवडीचा. ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ मध्ये जाहीर झाले आणि ते ११६.५५ चौरस किलोमीटरचे आहे. त्याला लागून असलेले अंधारी अभयारण्य १९८६ चे. हे दोन्ही मिळून सुमारे ६२५ चौरस किलोमीटरचा गाभा होतो, ज्याला सगळे कोअर म्हणतात, आणि त्याच्या भोवती सुमारे ११०० चौरस किलोमीटरचे बफर आहे. मोठी माणसे मोहर्ली किंवा कोलाऱ्याच्या गेटने कोअरमध्ये जायला उत्सुक असतात, आणि ते स्वाभाविक आहे. परंतु लहान मुलासोबत मी नेहमी बफर सुचवते. बफरमध्येही तेच चितळ, तेच सांबर, तेच रानगवे आणि तेच वाघ असतात. मोठा फरक परतीच्या वाटेचा आहे. कोअरमध्ये ताडोबा तलावापर्यंत आत गेल्यावर मूल बेजार झाले, तर तितकीच वाट हळू चालणाऱ्या गाडीतून परत कापावी लागते. बफरच्या फेरीत गेट फारसे दूर जात नाही. मोहर्लीच्या बाजूला आगरझरी, देवाडा आणि जुनोना ही बफरची गेटे आहेत. आगरझरीला फुलपाखरांचे उद्यान आहे, तिथे मुलीला स्वतःच्या पायांनी चालता येईल, आणि सव्वादोन वर्षांच्या मुलाला नेमके तेच हवे असते.

आपण यवतमाळ जिल्ह्यातले असल्यामुळे आणखी एक सुचवते. पांढरकवड्याजवळचे टिपेश्वर आपल्याला अडीच-तीन तासांत गाठता येते, तर यवतमाळ, वणी, भद्रावतीमार्गे मोहर्लीला पोहोचेपर्यंत, मध्ये दोनदा थांबावे लागतेच, पाच तास सहज जातात. टिपेश्वर हे राष्ट्रीय उद्यान नसून अभयारण्य आहे. कायद्याच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे, मुलीच्या दृष्टीने काहीच नाही. सुन्ना किंवा माथनी गेटने आत गेल्यावर सागाचे रान, मोकळी गवताळ पट्टी आणि पाण्याच्या जागा लवकर लागतात. वर्ध्याकडच्या लोकांना मी याच कारणाने बोर सुचवते, तो राज्यातला सर्वांत लहान व्याघ्रप्रकल्प आहे. मेळघाट मला स्वतःला फार प्रिय आहे, कोलकासला सिपना नदीच्या काठी बसण्यासारखे दुसरे सुख नाही, पण परतवाड्याहून वर चढणारी घाटाची वळणे लहान मुलाच्या पोटाला सोसत नाहीत. मूल चार-पाच वर्षांचे झाल्यावर तिकडे जावे. आणि मुलीने आजवर गाय, बैल, शेळी यांखेरीज एकही मोठे जनावर पाहिलेले नसेल, तर नागपूरला कोणाकडे गेल्यावर गोरेवाड्याची बंद बसमधली सफारी आधी करून पाहावी. २६ जानेवारी २०२१ पासून ती सुरू आहे. बसच्या काचेआडून अस्वल पाहताना मूल घाबरते की टाळ्या वाजवते, एवढे तिथे कळले तरी पुढचा निर्णय सोपा होतो.

आता ऋतूविषयी. मे महिन्यात वाघ पाणवठ्यावर येतात आणि दिसण्याची शक्यता वाढते, म्हणून सारी गर्दी मे महिन्यात होते. पण त्याच दिवसांत चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि उघड्या जिप्सीत दुपारी वाहणारी झळ ही अंगणातल्या उन्हासारखी नसते. गाडी चालू लागली की तोंडावर भट्टीची वाफ यावी तसा वारा येतो. लहान मुलाचे शरीर मोठ्या माणसापेक्षा लवकर तापते, त्याला घामही कमी येतो, आणि तहान लागली हे त्याला नीट सांगता येत नाही. ते आधी चिडचिड करते, मग एकदम शांत होते, आणि हे शांत होणे म्हणजे मूल रमले, असे आईवडिलांना वाटते. मी एकदा मे महिन्यात एका कुटुंबाला अर्ध्या वाटेवरून परत आणले होते. त्यांचा पावणेदोन वर्षांचा मुलगा आजीच्या खांद्यावर मान टाकून निजल्यासारखा पडला होता, त्याचे ओठ कोरडे होते, आणि सकाळपासून त्याची लघवी झाली नव्हती. गेटवर सावलीत नेऊन कपडे सैल केले, अंग ओल्या फडक्याने पुसले, थोडे थोडे पाणी पाजले, आणि लगेच दवाखान्यात पाठवले. तो बरा झाला. त्या दिवसापासून मे महिन्यात तीन वर्षांखालचे मूल घेऊन येणाऱ्यांना मी गेटवरच मनापासून विनंती करते की त्याला मुक्कामावर ठेवा.

डिसेंबर-जानेवारीत दुसरी अडचण असते. पहाटे सहाच्या सुमारास गेट उघडते तेव्हा थंडी दहा अंशांच्या आसपास असते आणि चालत्या गाडीत ती आणखी बोचते. आम्ही गाइड दोन स्वेटर आणि कानटोपी घालूनही कुडकुडतो. सर्वांत चांगला काळ म्हणजे नोव्हेंबरचा मध्य ते डिसेंबरची सुरुवात, आणि पुन्हा फेब्रुवारी, जेव्हा पळसाला नुकत्याच कळ्या लागलेल्या असतात. आपली सुट्टी दिवाळीची आहे, म्हणून भाऊबीजेनंतरचे दिवस धरावेत. गवत तेव्हा उंच असते, वाघ दिसण्याची शक्यता उन्हाळ्यापेक्षा कमी असते, पण रान हिरवे असते, धूळ कमी असते आणि दुपारचे ऊन मुलीला सोसते. दिवाळीच्या सुट्टीतले आरक्षण फार आधी संपते, तेव्हा ते लवकर करावे. ताडोबा मंगळवारी बंद असते, हेही दिवस ठरवताना लक्षात ठेवावे. आरक्षण करताना मुलीची नोंदही तेव्हाच करावी आणि तिचे निळे बाल आधार किंवा जन्मदाखला सोबत ठेवावा. गेटवर ओळखपत्रावरून वाद झाला की पहिला तास तिथेच जातो आणि मूल तिथेच थकते.

दुपारची सफारी का, ते सांगते. पहाटेच्या सफारीसाठी मुलीला साडेचारला उठवावे लागेल, उपाशी किंवा अर्धवट दुधावर गाडीत घालावे लागेल, आणि नऊच्या सुमारास तिची भूक, झोप आणि शौचाची वेळ एकदम येईल. दुपारी मात्र ती जेवून, तासभर झोपून उठलेली असते. सफारी साधारण चार तासांची असते, आणि सव्वादोन वर्षांच्या मुलाचे चार तास मांडीवर बसणे हे कोणत्याही घरी घडत नाही, तर रानात कसे घडेल? म्हणून मी म्हणते की जिप्सी पूर्ण घ्यावी. सहा पर्यटकांच्या जिप्सीत अनोळखी लोकांसोबत तुम्ही तिघे बसलात, तर मूल रडू लागल्यावर त्या लोकांचीही कुचंबणा होते आणि तुमचीही. शक्य असेल तर लहान मूल असलेले दुसरे कुटुंब सोबत घ्यावे. निघण्यापूर्वी गाइडला स्पष्ट सांगावे की आम्हाला दोन-अडीच तास पुरे आहेत, मूल कंटाळले की आम्ही परत फिरू. असे सांगणाऱ्या पालकांचा आम्हाला राग येत नाही. उलट आम्ही फेरीची आखणीच वेगळी करतो, गेटच्या जवळचे पाणवठे आधी घेतो आणि वाघाच्या मागावर लांब धावत नाही. आपल्या दोघांना कोअरची सफारी करण्याची इच्छा असेल तर ती पहाटेची घ्यावी आणि मुलीला त्या वेळी आजीजवळ झोपू द्यावे. आजी सोबत असणे ही आपली मोठी सोय आहे, तिचा असाच उपयोग करावा. आजींच्या कमरेला वा गुडघ्याला त्रास असेल, तर जिप्सीत चढणे व तिचे हादरे सोसणे त्यांनाही जड जाते, हे वेगळे सांगायला नको.

जिप्सीत गाइड ड्रायव्हरच्या शेजारी बसतो आणि मागे दोन रांगा असतात. मूल घेऊन बसणाऱ्याने ड्रायव्हरच्या लगत मागची रांग घ्यावी आणि मधल्या जागेवर बसावे. शेवटची रांग मागच्या चाकांवर येते, तिथे सर्वांत जास्त उसळी बसते. आमच्याकडे बाया रोवणीला जाताना जुन्या लुगड्याने मूल अंगाशी बांधतात, तेच जिप्सीतही करावे. मऊ, धुवून धुवून पातळ झालेले सुती लुगडे घ्यावे, मुलीला छातीशी धरून ते तिच्या कमरेखालून आणि पाठीवरून दोन वेढे देऊन बांधावे, तिचे तोंड उघडे राहील व हनुवटी छातीला टेकणार नाही असे पाहावे. दोन्ही हात मोकळे राहतात, खड्डा आला तरी मूल उसळत नाही, समोरून गाडी गेली तर पदराच्या टोकाने धूळ अडवता येते, आणि झोप लागली की मानेला आधार मिळतो. नाकावर मास्क मात्र लावू नये, इतक्या लहान मुलाला तो काढायचा कसा हेच कळत नाही.

कपडे फिकट हिरवे, मातकट, साधे घालावेत, पूर्ण बाह्यांचे आणि पायघोळ. अत्तर, सुगंधी तेल लावू नये, कारण रानात झाडांवर आग्या मोहोळे असतात. आणि बूट पाहून घ्यावेत. दोन वर्षांपूर्वी एक जोडपे नव्या बुटांतली मुलगी घेऊन आले, पाऊल टाकले की पिपाणी वाजणारे बूट. पायात घुंगरांचे वाळेही होते. गेटवर ती उड्या मारत होती तेव्हा सगळ्यांना गोड वाटले. आत गेल्यावर ती आईच्या मांडीवरून पाय हलवी आणि तीस पावलांवर चरणारी चितळे कान टवकारून शेपटी उभारून आत पळत. तीनदा असे झाल्यावर मी आईची परवानगी घेऊन बूट काढले, मोजे राहू दिले, वाळ्यांतले घुंगरू हातरुमालाने बांधून टाकले. चौथ्या वेळी चितळांचा कळप जागचा हलला नाही. एक पाडस आईला लुचत होते, आणि ती मुलगी श्वास रोखून ते पाहत राहिली. मग तिने आईच्या पदराकडे हात नेला. तिला दूध आठवले होते.

खाण्यापिण्याचे सोपे आहे. निघण्यापूर्वी पोटभर पण हलके जेवण द्यावे, वरणभात उत्तम. सोबत घरचे उकळलेले पाणी स्टीलच्या बाटलीत, मुरमुरे, केळे, गूळ घालून केलेली दशमी यांतले जे ती खाते ते घ्यावे, आणि जिथे थांबण्याची परवानगी असते तिथेच ते काढावे. गेटवर लंगूर असतात, त्यांच्यासमोर मुलाच्या हातात बिस्किट देऊ नये. वानर मुलाला मारायला येत नाही, बिस्किटाला येते, पण झडप मुलाच्या हातावर पडते. अंगावर पिणारे मूल असेल तर गाडी सावलीत उभी करायला सांगून ओढणीआड निःसंकोच पाजावे, आम्ही गाइड तोंड फिरवून बसतो. मुलगी डायपर वापरत नसली, घरी सांगून शौचाला जात असली, तरी त्या तीन तासांपुरता डायपर घालावा. आत गाडीतून उतरता येत नाही, आणि उतरू द्या म्हणून रडणाऱ्या मुलाला नियम समजावता येत नाहीत. वापरलेला डायपर पिशवीत बांधून परत आणावा. रानडुकरे तो उकरून काढतात, आणि मी स्वतः असे तुकडे पाणवठ्याजवळून वेचले आहेत.

प्रवासात मूल त्रास देऊ नये म्हणून त्याला झोपेची गुंगी येणारे सर्दीचे औषध पाजून आणणारे पालक मला भेटले आहेत. असे कधीही करू नये. गुंगीतले मूल गाडीच्या हादऱ्यात मान सावरू शकत नाही, उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाऊ शकते, आणि उन्हाने ते निपचित पडले आहे की औषधाने, हे आम्हाला ओळखता येत नाही.

मोबाइलचा उल्लेख मुद्दाम करते. कोअरमध्ये मोबाइल नेता येत नाही, आणि बफरमध्ये कुठे नेता आला तरी त्याचा आवाज चालत नाही. मोबाइलवर गाणी लावल्याशिवाय जेवत नाही अशी सवय मुलीला असेल, तर ती आठ-दहा दिवस आधीपासून मोडावी. त्याऐवजी तिला ऐकण्याचा खेळ शिकवावा. कानामागे हात धरला की गप्प होऊन ऐकायचे, आणि मग काय ऐकले ते हळू आवाजात सांगायचे. घरी संध्याकाळी गाईगुरे परतताना, पिंगळा ओरडताना हा खेळ खेळता येतो. रानात याचा फार उपयोग होतो, कारण वाघ दिसण्याआधी तो ऐकू येतो, म्हणजे चितळाची धोक्याची हाक, वानराचे खेकसणे, सांबराचा ढांक असा आवाज. दोन वर्षांचे मूल चार तास गप्प राहणार नाही, तशी अपेक्षाही ठेवू नये, पण ऐकण्यासाठी अर्धा मिनिट ते नक्की थांबते.

मूल काय पाहते, याविषयी मोठ्यांचा अंदाज बहुधा चुकतो. दीडशे पावलांवर गवतात बसलेल्या वाघाचा कान मोठ्यांना दुर्बिणीतून दिसतो आणि ते हरखून जातात, मुलाला तिथे गवताखेरीज काही दिसत नाही. जवळचे, हलणारे आणि आपल्या उंचीवरचे त्याला दिसते. दिवाळीच्या दिवसांत या रानात दोन झाडांच्या मधोमध मोठ्या कोळ्यांची जाळी पसरलेली असतात, सोनेरी झाक असलेली, आणि त्यांत तळहाताएवढी काळी-पिवळी मादी डोके खाली करून बसलेली असते. जिप्सी तिथे उभी केली की जाळे बरोबर मांडीवरच्या मुलाच्या डोळ्यांसमोर येते. गेल्या वर्षी एका मुलाने त्या जाळ्यापाशी आम्हाला पंधरा मिनिटे हलू दिले नाही. जाळ्याच्या वरच्या कोपऱ्यात अगदी छोटा तांबूस नर बसला होता, तो आम्ही कोणी पाहिला नव्हता, त्याने बोट दाखवून "बाळ, बाळ" म्हटले तेव्हा आमचे लक्ष गेले. तो बाळ नसून त्या मादीचा नर आहे, हे मी त्याच्या आईला सांगितले, त्याला नाही. गावाकडची मुले चितळाला बकरी म्हणतात आणि रानगव्याला हल्या, म्हणजे रेडा. त्यांना लगेच दुरुस्त करू नये. गवा म्हणजे पांढरे मोजे घातलेला हल्या, असे म्हटले की नाव आपोआप पुढे येते. ऐनाच्या झाडाची मगरीच्या पाठीसारखी साल, मोहाचे झाड, वारूळ, रस्त्यावर शेणाची गोळी ढकलणारा किडा, मोराचे पडलेले पीस, हे सारे तिच्यासाठी वाघाइतकेच मोठे आहे. पीस उचलायचे मात्र नाही.

ताडोबा हे नाव तारू या गोंड समाजाच्या देवावरून आले. वाघाशी झुंजताना तारूचा मृत्यू झाला, अशी कथा सांगतात, आणि तलावाकाठी त्याचे स्थान आहे. आजींना ही गोष्ट आधी सांगून ठेवावी, मुक्कामावर रात्री झोपवताना त्यांच्या तोंडून ती मुलीने ऐकावी.

आता वाघ खरोखरच समोर आला तर काय करावे, ते सांगते. मुलीला उचलून उंच धरू नये. ही चूक मी शेकडो वेळा पाहिली आहे. बापाला वाटते की तिला नीट दिसावे, म्हणून तो उभा राहतो आणि मूल गाडीच्या कडेबाहेर धरतो. वाघ गाडीकडे आणि तिच्यातल्या माणसांकडे एकच वस्तू म्हणून पाहतो, असे आम्ही मानतो, आणि त्या वस्तूतून काही वेगळे, लहान, हलणारे बाहेर आले की त्याची नजर तिथे खिळते. म्हणून सगळ्यांनी बसून राहावे, मूल मांडीवर असावे, हात आत असावेत. ती घाबरून रडली तर तिला कुशीत घ्यावे आणि गाडी मागे घ्यायला सांगावे, आम्ही घेतोच. बहुतेक वेळा मूल वाघाला भीत नाही, ते भोवती जमलेल्या दहा-बारा गाड्यांच्या आवाजाला, धुराला आणि मोठ्यांच्या कुजबुजीतल्या ताणाला भिते. अशी गर्दी दिसली की मूल असलेली माझी गाडी मी मागेच ठेवते.

आता अंगणाविषयी. चंद्रपूर जिल्ह्यात वाघ-बिबट्यांच्या हल्ल्यांत माणसे दगावतात, हे आपण बातम्यांत वाचत असाल, आणि आमच्या आसपासच्या प्रत्येक गावाला त्याचे दुःख माहीत आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोह वेचताना, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडताना, सरपण गोळा करताना माणूस वाकलेला किंवा उकिडवा बसलेला असतो, आणि त्या उंचीवर तो जनावराला माणसासारखा दिसत नाही. लहान मूल तर नेहमीच त्या उंचीवर असते. बिबट्या गावाजवळ येतो तो बहुधा कुत्र्यांच्या, शेळ्यांच्या, कोंबड्यांच्या ओढीने, आणि कुत्री येतात उष्ट्या-खरकट्याच्या ओढीने. म्हणून जिथे खरकटे पडते ती जागा संध्याकाळनंतर मुलासाठी सर्वांत वाईट.

एका मुक्कामाच्या ठिकाणी घडलेले सांगते, नाव घेत नाही. संध्याकाळचे साडेसहा झाले होते, पाहुणे चहा पीत बसले होते, आणि प्रत्येकाला वाटत होते की मूल दुसऱ्या कोणाजवळ आहे. अडीच वर्षांचा मुलगा स्वयंपाकघराच्या मागच्या बाजूला गेला होता, जिथे कुंपणाला फट होती आणि खरकट्याची टोपली होती. मी पाण्याची बाटली भरायला तिकडे गेले म्हणून तो मला दिसला. त्याच्यापासून दहा पावलांवर एक रानडुकरीण टोपलीत तोंड घालून खात होती आणि तिची पिल्ले भोवती होती. तो त्यांना "ये, ये" म्हणून बोलावत होता. पिल्ले असलेली डुकरीण किती बिथरते, हे ज्याने पाहिले आहे त्यालाच कळेल. मी आवाज न करता त्याला मागून उचलले आणि तशीच मागे मागे सरत आले. रात्री मला झोप लागली नाही.

तेव्हा मुक्काम ठरवताना खोलीचे फोटो पाहण्याआधी कुंपण सलग आहे का, अंगणात आणि खोलीच्या वाटेवर रात्री दिवे असतात का, खरकटे कुठे टाकतात, हे फोन करून विचारावे. दिवस मावळायच्या अर्धा तास आधीपासून मुलीचा हात किंवा तिला कडेवर घेण्याचे काम एका ठरावीक माणसाकडे असावे आणि ते दुसऱ्याकडे देताना तोंडाने सांगून द्यावे, "आता तुझ्याकडे." आमच्या घरी आजही असेच चालते. चालताना मूल दोन मोठ्या माणसांच्या मध्ये असते, मागे कधी नसते. तिला शू करायला बाहेर, झुडपाकडे बसवू नये, खोलीतल्या संडासातच न्यावे. रात्री झोपताना जमिनीवर अंथरूण टाकू नये, कारण मण्यार रात्री घरात शिरते आणि झोपेतल्या माणसाला चावली तर दातांच्या खुणाही नीट दिसत नाहीत. खाट, मच्छरदाणी, आणि मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचलेल्या, एवढे पुरते. सकाळी बूट झटकून घालावेत, विंचू असतात. साप चावल्याची शंका जरी आली तरी जखम कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. तो हात वा पाय हलू न देता मुलाला उचलून थेट सरकारी रुग्णालयात न्यावे आणि वाटेत १०८ ला फोन करावा. जंगलाच्या आतील बऱ्याच भागात मोबाइलला रेंज नसते, म्हणून जवळचे ग्रामीण रुग्णालय कोणते आणि रात्री कोणाची गाडी मिळते, हे पोहोचल्याबरोबर मुक्कामाच्या मालकाकडून समजून घ्यावे.

आणखी एक गोष्ट घरी परतल्यानंतरची आहे. पावसाळ्यानंतरच्या महिन्यांत विदर्भात स्क्रब टायफसचे रुग्ण आढळतात, २०१८ मध्ये नागपूर भागात त्याची मोठी साथ आली होती. गवतात व झुडपांत राहणाऱ्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या माइट नावाच्या किड्याच्या पिल्लांच्या चावण्याने हा ताप येतो. म्हणून मुलीला गवतात बसवू नये, तिचे कपडे गवतावर वाळत घालू नयेत, आणि संध्याकाळी गरम पाण्याने अंग चोळून आंघोळ घालून कपडे बदलावेत. मलेरियाही आपल्या भागाला नवा नाही. घरी गेल्यावर तीन आठवड्यांच्या आत तिला ताप आला तर तो साधा समजून घरी औषध देत बसू नये. डॉक्टरांना आपण होऊन सांगावे की आम्ही जंगलात जाऊन आलो आहोत, आणि त्याआधी तिच्या काखेत, जांघेत, कानामागे, कमरेच्या नाडीखाली जळल्यासारखी काळी खपली दिसते का, ते दिव्याच्या उजेडात नीट पाहावे. ती न दुखणारी असते, त्यामुळे मूल तिच्याविषयी काही सांगत नाही. वेळेत ओळखला तर हा आजार साध्या प्रतिजैविकांनी बरा होतो.